आईच्या वाट्याचं औषध

"म्हंजे निम्म्या बायकांना खरं औषध आणि निम्म्यांना खोटं?" गोदाक्कांनी हातातलं लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं. "आणि कुणाला कुठलं, ते तुला तरी ठावं हाय का?"

"नाही. तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. अशीच पद्धत असते, गोदाक्का."

"म्हंजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

पत्र्याच्या शेडमध्ये हशा पिकला. मी चिडले. त्या वयात मला चिडायला फार काही लागत नसे, आणि आदल्या दिवशी आरशापुढे उभी राहून या भाषणाची मी तालीम केली होती. मी आयुर्वेदात एम.डी. करत होते, शेवटचं वर्ष होतं. बाजारात तेव्हा औषधी मुळीच्या अर्काची एक कॅप्सूल आली होती. रोज घ्या, झोप सुधारते, मन प्रसन्न राहतं, असं डबीवर लिहिलेलं असे. ते खरं की नुसती जाहिरात, हे मला तपासायचं होतं. प्रबंधाचा विषय तोच होता. निम्म्या बायकांना ती कॅप्सूल द्यायची, निम्म्यांना तशाच रंगाच्या कॅप्सूलमध्ये भरलेलं नाचणीचं पीठ. कुणाला काय दिलं ते लिहिलेलं बंद पाकीट दोन महिन्यांनी फोडायचं आणि बघायचं, कुणाची झोप सुधारली.

बायका मी आमच्या तासगावातल्याच निवडल्या, पापडकेंद्रातल्या. दिवसभर बसून लाटायचं, पाठ धरलेली, घरी गेल्यावर पुन्हा चूल. झोपेची तक्रार नाही अशी बाई तिथे शोधूनही सापडली नसती. शिवाय ते केंद्र माझ्या घरचंच होतं. माझी आई, मालन, तिथे वीस-एक वर्षं पापड लाटत होती आणि माझं शिक्षण त्या पापडांवरच झालं होतं.

"बरं, लिही नावं," गोदाक्का म्हणाल्या. केंद्र त्या चालवत. त्यांनी हो म्हटलं की सगळ्यांचं हो. "पयलं नाव मालनचं घाल."

आई तेव्हा कोपऱ्यात चहाची कपबशी विसळत होती. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "आईला नाही घेता येणार."

"का गं?"

"घरचं माणूस चालत नाही. नियम आहे."

शेडमधली सगळी लाटणी थांबली.

"घरात दुखणं आणि औषध गावाला वाटायचं," शकीलाभाभी म्हणाल्या. त्या आईच्या शेजारी बसत, लग्न होऊन आल्यापासूनची मैत्री होती. "असला कसला गं तुझा नियम?"

"राहू दे की," आई म्हणाली. "तिचं काम हाय. तिला करू द्या."

बायका का चिडल्या, ते मला कळत होतं. आदल्या संक्रांतीच्या सुमारास माझे बाबा गेले. ते बेदाण्याच्या शीतगृहात तोलाईला होते. धडधाकट माणूस. रात्री जेवले, तंबाखू मळली, झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. आई शेजारीच होती आणि मी आतल्या खोलीत. दोघींनाही गाढ झोप लागली होती, त्यामुळे ते कधी गेले हे आम्हाला आजही माहीत नाही.

तेव्हापासून आईची झोप उडाली. रात्रभर तिच्या कॉटची कुरकुर चालायची. उठायची, तांब्यातलं पाणी प्यायची, दाराची कडी पुन्हा एकदा चाचपायची, परत आडवी व्हायची. गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या तिने फडताळात ठेवून दिल्या. "गोळी खाऊन माणूस मेल्यावानी झोपतं, नको ते," म्हणायची. मी काढा करून दिला, तळपायाला तेल चोळलं, ओरडले, रडले. पालथ्या घड्यावर पाणी.

एके काळी आईचा पापड वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची बातमी वाचता यायची. आता तिचा हात कापायला लागला. पापडाला भोकं पडायची. गोदाक्कांनी बोभाटा न करता तिला चहावर बसवलं. पण तिथेही एकदा उभ्या-उभ्याच तिचा डोळा लागला आणि ती उकळत्या पातेल्यावर कलंडली. शकीलाभाभींनी मागून धरलं म्हणून वाचली. त्या दिवसापासून मला धास्ती होती, की हे असंच चाललं तर एक दिवस मी दुसऱ्यांदा पोरकी होणार.

तरीही मी तिचं नाव लिहिलं नाही. माझे मार्गदर्शक हुक्केरी सर याबाबतीत फार कडक होते, आणि त्यांचं बरोबरच होतं. लेकीनं विचारल्यावर आई "बरं वाटतं" असंच म्हणणार. त्यावरून औषधाचं काय कळणार?

नावं लिहून मी उठले. संध्याकाळ झाली होती, त्यामुळे तुटक्या पापडांचे वाटे पडत होते. केंद्राची ती रीतच होती. दिवसभरात जे पापड तुटत ते सगळ्यांत सारखे वाटले जात. जी त्या दिवशी आलेली नसेल तिचाही वाटा पदराच्या गाठीत बांधून कुणीतरी घरी पोचता करी. कुणी जास्त लाटले, कुणाचे जास्त तुटले, हे तिथे कुणी बघत नसे. एक तीळ सात जणांत वाटून खाणाऱ्या बायका होत्या त्या. त्यांच्यापुढे उभी राहून मी सांगितलं होतं, की निम्म्यांना देईन आणि निम्म्यांना नाही. आता विचार केला की मला माझंच हसू येतं.

दर आठवड्याला मी केंद्रावर जायची आणि एकेकीला बाजूला घेऊन तेच प्रश्न विचारायची. झोप लवकर लागते का? मध्ये जाग येते का? दिवसभर मन कसं असतं?

"मन?" पहिल्या खेपेला एक जण म्हणाली होती, "त्याला सवड कुठाय?"

शकीलाभाभींनी विचारलं, "माझं मन विचारतीस का माझ्या नवऱ्याचं? त्याचं लई चांगलं असतंय."

पण हळूहळू उत्तरं बदलायला लागली. पडल्यावर लगेच डोळा लागतो. पहाटे हुशारी वाटते. सुनेवर ओरडावंसं वाटत नाही. मी आतून हरखले. सगळ्याच बायका असं सांगतायत हे माझ्या ध्यानात येत होतं, पण कुणाला काय मिळतंय हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे अंदाज बांधायचा नाही असं मी ठरवलं होतं.

एवढंच दिसायचं, की केंद्रातला चहा बिघडला होता.

"मालन, किती गं उकळतीस?" गोदाक्का तोंड वाकडं करायच्या. "काढा झालाय नुसता."

"आलं जुनं हाय," आई म्हणायची, आणि आणखी एक गुळाचा खडा टाकायची.

मीसुद्धा तो चहा प्यायची. आईनं केलेला, नाही कसं म्हणणार?

आईला बायका रोज सकाळी विचारत, "झोप लागली का गं?" ती म्हणे, "लागली की." त्यांचे चेहरे फुलत. मला वाटायचं, बिचाऱ्या चौकशी करतात आणि आई त्यांची समजूत घालते. मला मात्र त्यांनी कधी काही विचारलं नाही.

दोन महिने संपले. हुक्केरी सरांनी मोहोरबंद पाकीट फोडलं, कुणाला काय दिलं होतं ते माझ्या उत्तरांशी ताडून बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कॅप्सूलवाल्या बायका चांगल्या झोपतात."

"हो सर!"

"पिठावरच्याही चांगल्या झोपतात. अगदी तेवढ्याच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नीलम, नाचणीनं एवढी झोप लागत असती तर आपल्याला दुकान बंद करावं लागलं असतं. थोडा फरक मनानं पडतो, मान्य. पण सगळ्यांना एवढा? तिथे काहीतरी झालंय. जाऊन विचार. आणि हे बघ, ओरडू नकोस."

मी ओरडायचं नाही असं ठरवूनच गेले. दुपारची वेळ होती. जेवणं उरकून बायका पुन्हा पोळपाटावर बसल्या होत्या. मी मधोमध उभी राहिले आणि सांगितलं, की आज पाकीट फोडलं, आता कुणाला काय होतं ते सांगायला हरकत नाही. "शकीलाभाभी, तुम्हाला खरं औषध होतं. गोदाक्का, तुम्हाला पीठ."

कुणाच्याही चेहऱ्यावर नवल दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. लाटणी जरा जास्तच जोरात फिरायला लागली.

"गोदाक्का!"

"आता कशाला लपवायचं," गोदाक्का म्हणाल्या. "पयल्याच दिवशी फोडून जिभेला लावलं की. एक कडू आणि एक नाचणी. त्यात काय अवघड हाय?"

"मग? कडूवाल्यांनी कडू घेतली ना?"

"न्हाई."

"म्हणजे?"

"तू मालनला घेतलं न्हाईस," शकीलाभाभी एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. "तिचा वाटा काढला न्हाईस. मग आमी काढला. ज्यांच्या वाट्याला खरी आली, त्या समद्यांनी आपापली मालनला दिली. रोज सकाळी, आल्या-आल्या. आमचं काय, आमाला पाठदुखी. तिला झोप न्हाई. तिनं आधी बरं व्हायला पायजे, का आमी?"

माझा प्रबंध, माझं वर्ष, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. या बायकांनी माझ्या आईसाठी आपल्या तोंडचं औषध काढून दिलं होतं. त्यांच्यावर कुठल्या तोंडानं ओरडू?

मग माझ्यातली डॉक्टर जागी झाली आणि मी दचकले. "आई! एवढ्या सगळ्या कॅप्सूल रोज खात होतीस? तुला काही होतंय का? चक्कर? पोट?"

आई चहाच्या पातेल्याजवळ उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"मी एक बी खाल्ली न्हाई," ती म्हणाली.

"काय?" गोदाक्कांचं लाटणं खाली पडलं.

"तुमच्या वाट्याचं मी कसं खाऊ? तुमाला न्हाई म्हणायची सोय नव्हती, मागं लागायचा. म्हणून घ्यायची. आणि मग..." तिनं पातेल्याकडे बोट केलं. "फोडून दुपारच्या चहात टाकायची. समद्यांना सारखं."

मग शेडमध्ये जो गोंधळ उडाला, तो आजही माझ्या कानात आहे.

"तरीच चहा कडू!"

"अगं बया, म्हंजे आमचंच औषध आमच्याच पोटात!"

"तरीच," शकीलाभाभी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दोन महिनं झालं, मी नवऱ्याशी भांडलीच न्हाई. मला वाटलं वय झालं."

मी हसू की रडू अशी झाले होते. खरं औषध एकाच पातेल्यात उकळून खऱ्यावाल्या, खोट्यावाल्या सगळ्यांनी गाळून प्यायलं होतं. हुक्केरी सरांना हे सांगितलं तेव्हा तेही खोली दणाणेपर्यंत हसले. प्रबंध मी पुढे दुसऱ्या विषयावर केला. ती कॅप्सूल खरी की खोटी, हे मला आजही सांगता यायचं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी हसता-हसता गोदाक्का एकाएकी थांबल्या.

"मालन, मग तू कशानं झोपलीस? रोज तर सांगत व्हतीस, झोप लागली म्हणून."

आईचं हसू ओसरलं. "तुमाला बरं वाटायचं म्हणून म्हणत व्हते," ती पुटपुटली. "आणि परवापासनं खरंच लागतीया की. ह्या चहानंच आसंल."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणाले. माझा चढलेला पारा कुठेतरी उतरायला हवा होता, तो तिच्यावर उतरला. "अजिबात झोपत नाहीस तू. काल रात्रभर तुझी कॉट कुरकुरत होती. चार वेळा पाणी प्यायलीस. दोनदा कडी बघितलीस. परवाही तेच. मी रोज ऐकते."

आई माझ्याकडे वळली.

"रोज ऐकतीस?" ती सावकाश म्हणाली. "मग तू कवा झोपतीस?"

"अभ्यास असतो," मी म्हणाले.

"दिवा तर बंद असतोय."

आता शेडमध्ये एकही लाटणं फिरत नव्हतं. मला एकदम उघड्यावर आल्यासारखं झालं. दोन महिने मी दुसऱ्यांना विचारत होते, मध्ये जाग येते का. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"तुझ्या कॉटचा आवाज थांबला की मला भीती वाटते," मी म्हणाले. हे मी आधी कुणाला बोलले नव्हते. बोलल्यावर मलाच ते नवीन वाटलं. "थांबला की मी उठून दारापाशी येते. तुझी कूस हलते का बघते. हलली की परत जाते. बाबांच्या वेळी आपण झोपलो होतो ना."

आई तिथेच, चहाच्या पातेल्याशेजारी, खाली बसली.

"आणि मी तुझ्यासाठी जागी असती गं," ती म्हणाली. "तुझ्या खोलीत काय बी वाजंना झालं की मला भ्या वाटतंय. मग मुद्दाम उठती. भांडं वाजवती, कडी वाजवती. तू आतनं खोकलीस, कूस बदललीस की जीव भांड्यात पडतोय. एकदा डोळा लागला आणि माझं माणूस गेलं. आता तू एकलीच हायस मला. कशी झोपू?"

शकीलाभाभी पदरानं डोळे पुसत होत्या. मी आईजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. पापडखारानं आणि उडदाच्या पिठानं वर्षानुवर्षं खरबरीत झालेला हात. सव्वा वर्ष आम्ही दोघी एकाच घरात, मधल्या एका भिंतीच्या अल्याड-पल्याड, एकमेकींना जागं ठेवत होतो. ती मला वाचवत होती आणि मी तिला. त्यापायी दोघी झिजत चाललो होतो, आणि सकाळी चहा पिताना दोघी एकमेकींना सांगत होतो, झोप बरी लागली म्हणून.

"दिव्याखाली अंधार म्हंत्यात तो ह्यो," गोदाक्का म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मऊ होता. मग त्यांनी कंबरेला पदर खोचला आणि नेहमीच्या सुरात हुकूम सोडला. "ए, ती पिठाची पोती सरकवा तिकडं. सतरंजी आना. दोघींनी बी आडवं व्हायचं. आत्ता."

"आत्ता? भर दुपारी?" आई म्हणाली. "आणि चहा?"

"चुलीत गेला तुझा चहा. झोप."

"गोदाक्का, मला झोप येत नाहीये," मी म्हणाले.

"तुला कुणी इचारलं?" त्या आमच्या उशाशी पोळपाट घेऊन बसल्या. शकीलाभाभी पायथ्याशी येऊन बसल्या. "ह्या बाजूला मी हाय, त्या बाजूला शकीला. समद्याजणी हाईत. मालनचा श्वास मी बघती, तुझा ती बघंल. जरा जरी हिकडं-तिकडं झालं तर दोघींना गदागदा हलवून उठवतो. मग तर झालं? आता तुमचं काम न्हाई ते."

आम्ही आडव्या झालो. आई माझ्याकडे तोंड करून निजली होती, डोळे टक्क उघडे. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे.

"तू झोप आधी," ती कुजबुजली.

"नाही. तू आधी."

"ए, बोलायचं न्हाई," गोदाक्का वरून म्हणाल्या.

पोळपाटांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधी दबकत, मग नेहमीसारखा. मला कळून चुकलं, की मी झोपले आहे असं दिसल्याशिवाय ही बाई काही डोळे मिटणार नाही. म्हणून मी डोळे मिटून घेतले. नुसतं नाटक म्हणून, तिला झोप लागावी म्हणून. श्वाससुद्धा मुद्दाम संथ केला.

नंतर आई सांगत होती, की तिनंही अगदी तेच केलं होतं.

आम्हाला उठवलं तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकांनी काम संपवून, झाडलोट करून, वाटेसुद्धा पाडले होते, आणि तरी एकही बाई घरी गेली नव्हती. कुणाचा डोळा आधी लागला, असं मी गोदाक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता यायचं न्हाई, दोघींचाबी संगंच लागला.